बरणीतली दोन बोटं चटणी

माई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची कऱ्हाडची. लग्न होऊन पिंपरीत आले त्याला सतरा वर्षं झाली. गेल्या मार्गशीर्षात आई गेली. त्याआधी आठ महिने ती अंथरुणाला खिळून होती. पाडवा झाल्यावर तिनं डंकावरनं (मसाला कुटायच्या गिरणीवरनं) वर्षाची चटणी कुटून आणली, सगळ्यांच्या बरण्या भरल्या, माझी दादाबरोबर पाठवली आणि पंधरा दिवसांत न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. म्हणजे माझ्याकडं आहे ती तिच्या हातची शेवटची चटणी. काचेच्या बरणीत आता दोन बोटं उरलीय. मी ती वापरत नाही, कुणाला हातही लावू देत नाही. रोज रात्री ओटा आवरला की झाकण उघडते, वास घेते, परत लावते. मिस्टर म्हणतात, 'एक तर वापर, नाहीतर टाकून दे.' गेल्या आठवड्यात मुलगा (नऊ वर्षांचा आहे) जवळ आला, बरणीत नाक घातलं आणि म्हणाला, 'मम्मी, ह्याला आजीचा वास कुठंय? शिळ्या तेलाचा येतोय.' मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग मीच रडत बसले.

दुसरं असं की दिवसकार्य झाल्यावर मी आईची दोन लुगडी मागून ठेवली होती. वहिनीनं महिन्यानं पाठवली ती धुऊन, कडक इस्त्री करून. साबणाशिवाय कसला वास नाही. एवढं कळायला नको का? तेव्हापासून मी तिच्याशी बोललेले नाही. आईचं सगळं तिनंच केलं हे मला मान्य आहे, पण हे मनातनं जात नाही.

तिसरं, आता चैत्र तोंडावर आलाय. आमच्या कोपऱ्यावर मसाला कांडप आहे. परवा तिथं मिरचीचा खाट उठला आणि मी भर रस्त्यात हमसून रडले. लोकांना वाटलं ठसका लागला. कधी कधी तर घरात काही नसताना तो वास येतो. मला वेड लागतंय का?

बरणीचं काय करू, वहिनीचं काय करू आणि माझं काय करू, सांगा.

तुमची, कऱ्हाडची लेक

*

पोरी,

नाव छापू नका म्हणालीस म्हणून पोरी म्हणते. सतरा वर्षं संसार केलेल्या बाईलाही पोरी म्हटलेलं चालतं, म्हणणारीचे केस पुरेसे पांढरे असले की झालं.

पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्या बाजूनं, एकदा तुझ्या वहिनीच्या. तिच्याकडं नंतर येते. आधी बरणीचं बघू, कारण तिघांत सगळ्यात कमी वेळ तिच्याकडं आहे.

तुझा मुलगा बरोबर बोलला. धपाटा फुकट गेला. कांदा-लसणाच्या चटणीत काय काय पडतं ते तू मला सांगायला नको आणि मी तुला: मिरची, धणे, जिरे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, तळलेला कांदा, लसूण, गरम मसाला, मीठ. यातल्या खोबऱ्यात आणि तिळात भरपूर तेल. त्या तेलाला हवा लागत राहिली की ते खवटतं. धण्या-लवंगांचा जो वास आपल्याला आवडतो तो त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांचा, आणि ती तेलं नावाप्रमाणे उडून जातात. म्हणून तर आपल्या बायका चटणी दाबून भरतात, तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेवतात, मोठी बरणी सारखी उघडत नाहीत, रोजच्याला छोट्या डब्यात काढून घेतात. तू नेमकं उलटं करतेयस. तीन बोटं चटणी काढली असतीस तर जेवढी हवा आत गेली नसती तेवढी तू रोज रात्री वास घेण्यासाठी आत सोडलीस. वास तुझ्या नाकात आला म्हणजे तो बरणीतनं गेला. आणि काचेची बरणी ओट्यावर उजेडात असेल तर रंगही उतरला असणार. ब्याडगीचा तो गर्द लाल आता विटकरी दिसतोय ना?

म्हणून आज रात्री झाकण उघडशील तेव्हा नुसता वास घेऊ नकोस. चिमूटभर जिभेवर ठेव. कडवट, घशाला धरणारी लागली, किंवा बुरशी दिसली, तर संपलं. कुणाला खाऊ घालू नकोस आणि स्वतःही खाऊ नकोस, झाडाच्या मुळाशी घाल. अजून चटणीसारखी लागत असेल तर येत्या रविवारी संपवून टाक. वांग्याचं कोरड्यास कर, नाहीतर काहीच करू नकोस. गरम भाकरी, तिच्यावर चटणी, चटणीत बोटानं खळगा करून गोडंतेल. हे खाऊनच मोठे झालो ना आपण? तिघांनी बसून खा. मिस्टरांना सांग, त्या दिवशी काही बोलू नका.

आता तू म्हणशील, माईला काय जातंय सांगायला. म्हणून माझं सांगते.

माझे वडील माण तालुक्यातले. आमच्याकडं पाऊस पाहुण्यासारखा, येईल तेव्हा येणार नि चहा न घेता जाणार. तरी मृग लागला की ते खुंटीवरचं घोंगडं काढायचे आणि डोक्यावरनं खोळ घेऊन रानात जायचे. संध्याकाळी परत आले की ते ओलं घोंगडं दाराआडच्या दांडीवर पडायचं आणि सगळं घर त्या वासानं भरायचं. ओली लोकर, मेंढरं, बैलांच्या अंगाचा घाम, तंबाखू-चुना. नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, तिचा आंबूस वास वेगळाच. शाळेत असताना मला या वासाची लाज वाटायची. मैत्रीण घरी आली की मी घोंगडं मागच्या दारी नेऊन टाकायचे.

ते गेले तेव्हा भावानं विचारलं, तुला काय हवं. मी म्हटलं, घोंगडं. एकदम दांडग्या हुशारीनं ते जपलं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, कसर लागू नये म्हणून मूठभर डांबराच्या गोळ्या टाकल्या, वर गाठ मारली, कपाटाच्या माळ्यावर ठेवलं. तीन वर्षं हात लावला नाही. तीन वर्षांनी एका जूनमध्ये फार आठवण आली म्हणून गाठ सोडली. आणि कपाटभर, खोलीभर, घरभर फक्त डांबराच्या गोळ्या. आजही सार्वजनिक मुताऱ्यांजवळनं जाताना मला वडील आठवतात. हे मी हसण्यावारी नेते, पण त्या दिवशी हसले नव्हते.

पुढची गंमत ऐक. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आषाढात मी फलटणच्या एसटी स्टँडवर उभी होते. पाऊस पडत होता. एक मेंढपाळ शेडखाली येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, अंगावर भिजलेलं घोंगडं. मला काही कळायच्या आत घशात आवंढा आला. वडील आले होते. गाडी लागली, माणूस गेला, वासही गेला. मी गाडी सोडली, पुढच्या गाडीनं गेले.

तेव्हापासून माझं एक मत झालंय, पटलं तर घे. हे वास साठवणीचे नाहीतच. ते ऋतूबरोबर आणि कामाबरोबर येतात. कोरडं घोंगडं मी दहा वर्षं छातीशी धरलं असतं तरी त्यातनं वडील आले नसते. त्याला पाऊस लागतो, वर अंगात ऊब असलेला माणूस लागतो. तुझ्या आईचा वास चटणीत होता असं तू म्हणतेस. मला वाटतं तो चटणी करण्यात होता.

(वास धरून ठेवणारी माणसं जगात आहेत, नाही असं नाही. कनौजचे अत्तरवाले पहिल्या पावसाच्या मातीचा वाससुद्धा कुपीत भरतात. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगीत पाण्याबरोबर तापवायचे आणि वाफ बांबूच्या नळीतनं चंदनाच्या तेलात उतरवायची. माझ्या भाचीनं एक कुपी आणून दिली होती. वास हुबेहूब. फक्त माती कनौजची. मला आमची माणची हवी होती. कुपी भाचीलाच परत दिली, ती लग्नकार्याला लावते.)

आता वहिनी.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलंय: 'आईचं सगळं तिनंच केलं.' सगळं म्हणजे काय, हे तू लिहिलेलं नाहीस. लिहायचं नव्हतं की बघितलेलं नाही? खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी आठ महिने. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. भांडं द्यायचं, पुसायचं, पावडर लावायची, चादर बदलायची. तुझ्या नाकात आई म्हणजे भाजलेली मिरची, लसूण आणि उन्हात वाळलेलं लुगडं. तुझ्या वहिनीच्या नाकात गेलं वर्षभर आई म्हणजे डेटॉल, मलम, ओली चादर. एकाच बाईचे दोन वास, आणि ज्या कपाटात तुझी लुगडी होती ते कपाट त्याच खोलीत होतं. तिला कदाचित वाटलं असेल, ह्या वासाची लुगडी नणंदेच्या हातात कशी देऊ?

मी तुझ्या वहिनीला ओळखत नाही. चुकतही असेन. पण आपल्याकडं बहुतेक घरांत गेलेल्या माणसाचं वस्त्र कुणाला द्यायचं तर धुऊनच देतात, आणि माहेरवाशिणीला द्यायचं तर घडी मोडलेलं देत नाहीत. तिनं रीत पाळली. शिवाय इस्त्री केली. नऊवारीला इस्त्री करायची म्हणजे किती वेळ जातो, बघ एकदा करून. राग असलेली बाई एवढं करत नाही. आणि एक विचारू? 'धुऊ नको' असं तू तिला सांगितलं होतंस का? पत्रात तसं कुठं दिसत नाही.

'वहिनीचं काय करू' म्हणजे तिला माफ कसं करू, असंच तुला विचारायचंय ना? तो प्रश्नच मला जरा अवघडलेला वाटतो. माफी दोन्ही बाजूंनी निघते, मग हिशोब सुरू होतो. तू असं कर. फोन लाव आणि एवढंच विचार: 'वहिनी, यंदा चटणी कधी कुटायची?'

कारण प्रमाण तिच्याकडं आहे. तुला आईच्या चटणीचा वास माहीत आहे, पण माप माहीत आहे का? सतरा वर्षं तुला भरलेली बरणी मिळतेय. सतरा चैत्र मिरच्यांची देठं कुणी खुडली? ब्याडगी किती, संकेश्वरी किती, तिखटाला लवंगी घालायची की नाही, कांदा वाळवून तळायचा की तसाच, खोबरं मिरचीच्या पाव की त्याहून कमी, हे तुझ्या आईनं कुठल्या वहीत लिहिलं असेल असं मला वाटत नाही. ते डंकावर शेजारी उभं राहिलेल्या बाईच्या डोळ्यात असतं. ती बाई तू नाहीस.

आता एक अडचण येऊ शकते. आईला वर्ष झालेलं नाही. काही घरांत वर्ष सरेपर्यंत वाळवण, साठवण करत नाहीत. वहिनी म्हणेल, 'यंदा आपल्याकडं नाही करायची.' म्हणाली तर ऐक, वाद घालू नकोस. आमच्याकडं अशा वर्षी पापड-चटणी नात्यातलं कुणीतरी करून पाठवतं. मग यंदा तू कर आणि कऱ्हाडला पाठव. तिच्याकडनं फोनवर माप घे, दहादा फोन कर, चुकलं की परत कर. आजवर बरण्या त्या बाजूनं आल्या, एखादं वर्ष या बाजूनं जाऊ दे.

आणि करणार म्हणाली, तर सुट्टी काढून जा. एका दिवसासाठी जाऊ नकोस, चार दिवस काढ. मार्च अखेर आहे, ऑफिसात रजा मिळणार नाही म्हणशील. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जा, मिरची थांबते. पण अवकाळीच्या आधी उरक.

चार दिवस कशाला, तेही सांगते, कारण तुझ्या लहानपणचं आठवत असलं तरी मध्ये बराच काळ गेलाय. दोन-तीन दिवस मिरचीला कडक ऊन लागतं. गच्चीवर जुनं लुगडं अंथरायचं (हो, लुगडंच, आईचंही चालेल), वर मिरची पसरायची. ती वाळली की हातात खुळखुळ वाजते आणि देठ चटकन तुटतो. देठं खुडताना पहिला अर्धा तास गप्पा होतात. मग हाताची आग सुरू होते आणि सगळ्या गप्प. दुसरीकडं कांदा उभा चिरून उन्हात. चौथ्या दिवशी पहाटे चूल किंवा गॅस. मिरची तेलाच्या हातावर परतली की खाट उठतो, घरातली पुरुष माणसं कामं काढून बाहेर पळतात. त्यानंतर धणे, तीळ, खोबरं, एकेक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची लाल व्हायची वेळ वेगळी. सगळ्यात शेवटी दगडफूल. कढईत पडताना ते वाळक्या शेवाळासारखं दिसतं, कसलाच वास नाही, आणि तेल लागलं की ओल्या रानासारखा वास सुटतो. तो क्षणभरच. पुढं तो मसाल्यात मिसळतो, पुन्हा वेगळा सापडत नाही.

मग पाट्या घेऊन डंकावर नंबर. लोखंडी मुसळं वर-खाली, वर-खाली, जमीन हादरते, बायका पदर नाकाला लावून बसलेल्या, कुणीतरी शिंकतंय, कुणीतरी सुनेची चुगली करतंय. पहिल्यांदा मिरची, मग मसाला, मग कांदा-लसूण पडतो आणि कोरडी लाल पूड एकदम ओलसर, काळपट होते. त्या वेळी उखळातनं जो वास वर येतो, तो तुझ्या बरणीतला. तिथं उभी राहून रड हवं तेवढं. डंकावर कोण रडतंय आणि कुणाला ठसका लागलाय, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

एक सांगून ठेवते. ती चटणी आईच्या चटणीसारखी होणार नाही. मिरचीचं पीक दरवर्षी वेगळं, लसूण वेगळा, भाजणारा हात वेगळा. तुझ्या आईची तरी दरवर्षी सारखी कुठं होत होती? खोबरं महागलं त्या वर्षी तिनं हात आखडला असेल, तीळ वाढवले असतील. तुला आठवतोय तो वास सतरा-अठरा चटण्यांचा मिळून एक झालेला आहे.

मुलाला बरोबर ने. परीक्षा तेवढी संपलेली असू दे. हे मी लाडानं सांगत नाही. स्वीडनमध्ये २००६ साली एक अभ्यास झाला. ६५ ते ८० वयाच्या लोकांना शब्द सांगून, चित्रं दाखवून आणि वास देऊन काय आठवतं ते विचारलं. शब्दांनी, चित्रांनी जास्त करून अकरा ते वीस वर्षांच्या वयातलं आठवलं. वासांनी मात्र दहा वर्षांच्या आतलं. तुझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तुझ्या घराचा जो काही वास त्याच्यात उतरायचा तो उतरत चाललाय, तू शिकवलंस तरी, धपाटा घातलास तरी.

आणि त्याला एकदा निवांत विचार, आजीचा वास कसा होता रे? 'आजीचा वास कुठंय' असं तो म्हणाला, म्हणजे त्याच्याकडं आजीचा काहीतरी वास आहे की! तो चटणीचा नसावा, एवढी मी पैज लावते. मिश्रीचा असेल. गुडघ्याला चोळायच्या तेलाचा असेल. पाकिटातल्या ओव्याचा असेल. काहीही सांगितलं तरी 'असा नव्हता' म्हणू नकोस. त्याची आजी वेगळी, तुझी आई वेगळी.

राहता राहिलं तुझं वेड. ते नाही, काळजी करू नकोस. डोळ्याकानांचं जे काही असतं ते मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरनं पुढं जातं. वासाची वाट वेगळी आहे, ती या नाक्यावर न थांबता भावना आणि आठवणी जिथं राहतात त्या भागांत थेट पोचते. म्हणून आधी रडू फुटतं आणि कशाचं ते मागनं कळतं. रस्त्यात तुझं तेच झालं. शिवाय तिखटपणाला स्वतःचा वास नसतोच. खाट म्हणजे मिरचीतला झोंबणारा पदार्थ नाकाघशातल्या वेदनेच्या नसांना लागतो, आणि डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच येतं. तेव्हा लोकांना ठसका लागला वाटलं ते अर्धं खरंच होतं. निम्मं पाणी मिरचीचं, निम्मं आईचं.

घरात काही नसताना वास येतो म्हणालीस. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षात असं अनेकांना होतं, चाहूल लागते, हाक ऐकू येते, वास येतो. येतो नि जातो, तोवर त्याला पाहुणा समज. पण जळकट किंवा कुजका वास सारखाच येत राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. ती बहुतेकदा नाकाची तक्रार असते, आईशी तिचा संबंध नसतो. आणि झोप उडाली, जेवण जाईना, कामात लक्ष लागेनासं झालं, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन कर. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला पत्र लिहिण्यापेक्षा लवकर उत्तर मिळतं.

चैत्रावर हे थांबणार नाही, हेही आताच सांगते. वळवाचा पाऊस पडेल, गणपतीत केवडा येईल. दिवाळीच्या पहाटे उटण्याची पुडी फोडशील, नागरमोथा आणि कचोरा नाकात जाईल, आणि न्हाणीघराच्या दारात तुझी पावलं अडकतील. तिकडं कऱ्हाडला गुऱ्हाळं सुरू झाली की काकवीचा वास गावभर. पहिल्या वर्षी प्रत्येकाची पहिली खेप असते. दिवाळीला तर दार लावून घे आणि सावकाश आंघोळ कर, मुलाला सांग मम्मीला वेळ लागेल. बाकीच्यांचं त्या त्या वेळी बघू.

तुझी,
माई

ता. क. मिरच्या खुडून हाताची आग झाली तर लगेच पाणी लावू नकोस, पाण्यानं ती जात नाही. आधी गोडंतेल चोळ, मग साबण. मुलाला डोळ्याला हात लावू देऊ नकोस.

आणि कऱ्हाडला जाताना मिठाई वगैरे नेऊ नकोस, रिकामी बरणी ने. पण नेण्याआधी ती नीट धुवावी लागेल. जुन्या चटणीचं तेल जरा जरी राहिलं तरी नवी लवकर खवटते. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घाल, तासभर भिजव. झाकणाच्या आट्यांत बोट फिरवून बघ, तिथं तेल धरून बसतं. मग दोन दिवस उन्हात पालथी घाल. भरायच्या आधी एकदा नाक लावून खात्री कर, वास राहायला नको.